नर्सिंगला जाताय? आधी लस, मग पेटी

पहिली गोष्ट लस. हिपॅटायटिस बीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या आजाराची. दाखले, फी, गणवेश, पेटी हे सगळं तिच्यानंतर. मामाच्या पोरीचा बारावीचा निकाल लागला आणि तिने जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करायचं ठरवलं, म्हणून तिच्यासाठी लिहायला बसले. पण आमच्या आर्णीकडच्या गावांतून दरवर्षी चार-दोन पोरी याच वाटेने जातात, तेव्हा त्यांनीही वाचावं. माझ्या प्रवेशाच्या कागदावर शेवटून दुसऱ्या ओळीत ही लस लिहिलेली होती. मी ती ओळ वाचली होती. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलं की घेऊ, असं म्हटलं आणि विसरले. दिवाळीच्या आधीच मला सुई टोचली. ते पुढे सांगते.

आता हिशेब बघ. डोस तीन. पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. 10 जूनला पहिला घेतलास तर दुसरा 10 जुलैला, तिसरा 10 डिसेंबरला. म्हणजे निकालाच्या आठवड्यात सुरू केलीस तरी पूर्ण व्हायला हिवाळा येतो, आणि तोवर तू वॉर्डात उभी असतेस. म्हणून प्रवेश नक्की व्हायची वाटही बघू नको. प्रवेश नाही झाला तरी लस वाया जात नाही. "लहानपणी सगळ्या लसी झाल्यात" असं आई म्हणेल. आईवर नाही, कार्डावर विश्वास ठेव. ही लस सरकारी कार्यक्रमात 2002 मध्ये मोजक्या ठिकाणी सुरू झाली आणि देशभर पोचायला 2011 उजाडलं. कार्डावर हिपॅटायटिस बीचे डोस तारखेसकट दिसले तर ठीक. कार्ड हरवलं असेल तर झालीच नाही असं धर. उपकेंद्रातली लस बाळांसाठी असते. मोठ्या माणसाला ती मेडिकलमधून घ्यावी लागते, किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी लागते. मेडिकलमधून घेतलीस तर तिथेच जवळच्या डॉक्टरकडे टोचून घे. ती 2 ते 8 अंशांत ठेवायची असते. आपल्याकडच्या उन्हात एसटीने गावापर्यंत आणलीस तर तिचं काय होईल ते कळतंच, आणि बर्फाला चिकटवून गोठली तर तीही बाद.

कोर्स कोणता, हे ठरवताना एवढंच बघ. एएनएम, म्हणजे गावपातळीवरच्या नर्सचा कोर्स, दोन वर्षांचं, फक्त मुलींसाठी, बारावी पास लागते, भर गावातल्या आरोग्यावर. जीएनएम तीन वर्षांचं, मुलंही करतात, बारावीत इंग्रजी आणि 40 टक्के हवेत. सायन्सला पसंती असते, पण आर्ट्सवालीलाही दार बंद नाही. दोन्हीला वय 17 पूर्ण लागतं. एएनएम कमी दर्जाचं असं कोणी म्हटलं तर ऐकू नको. साध्या भागात 5000 आणि मेळघाटासारख्या आदिवासी भागात 3000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असतं आणि तिथलं एएनएमशिवाय चालत नाही.

कॉलेज बघताना मात्र डोळे उघडे ठेव. तालुक्याच्या ठिकाणी बसस्टँडसमोर "नर्सिंग डिप्लोमा, सहा महिने, शंभर टक्के नोकरी" असे बोर्ड लागलेले असतात. सहा महिन्यांत नर्स होत नाही. तो रुग्णसेवकाचा कोर्स असतो. त्यावर खासगी दवाखान्यात काम मिळेल, पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही म्हणजे सरकारी भरतीचा फॉर्मसुद्धा भरता येत नाही. माझ्या वर्गमैत्रिणीच्या बहिणीचं असंच झालं, वडिलांनी बैलजोडी विकून फी भरली होती. कॉलेजचं नाव कौन्सिलच्या यादीत स्वतः शोध, आणि ते चालू वर्षाच्या यादीत आहे का तेही बघ. मग एवढंच विचार: प्रॅक्टिकल कोणत्या हॉस्पिटलात, किती खाटा, बाळंतपणं होतात का. जिथे खाटा रिकाम्या तिथे तुझी केसेसची वही रिकामी.

कागद. दहावी, बारावी, टीसी, आधार, फोटो, हे सांगायची गरज नाही. अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला सेतूत जाऊन काढ. पेरणीच्या दिवसांत तलाठी जागेवर सापडत नाहीत, तेव्हा मे महिन्यातच. ओबीसी असशील तर नॉन-क्रिमीलेअर. गॅप असेल तर प्रतिज्ञापत्र. आणि जात वैधता प्रमाणपत्र. सायन्सच्या पोरींना कॉलेजातच कोणीतरी सांगतं. आर्ट्सच्या पोरींना कळतं तेव्हा यादी लागलेली असते. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. म्हणजे बाबांचे कागद बहुतेक पुरत नाहीत, आजोबांचे शोधावे लागतात. आजोबा शाळेत गेले असतील तर जिल्हा परिषद शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, नसतील गेले तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल. आडनाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं निघतं, ते जुळवण्यातच महिने जातात. अकरावीत असलेल्या पोरींनी हे आजच सुरू करावं.

तहसीलला जाशीलच, तर त्याच फेरीत लस. खरं सांगते, मी त्या उन्हाळ्यात तहसीलला सात वेळा गेले. समोरच्या गल्लीत मेडिकल होतं, बाजूला डॉक्टर होते. सात वेळा त्या दारासमोरून गेले.

पैसे. फी जुलै-ऑगस्टमध्ये मागतात, आणि तेव्हा घरातला पैसा बियाणं-खतात मातीखाली गेलेला असतो. सोयाबीन दसऱ्याच्या सुमारास निघतं, कापूस त्याच्याही नंतर. म्हणून प्रवेशाच्या आधीच हप्ते विचार, कोणत्या महिन्यात किती ते कागदावर घे, आणि पावती घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नको. होस्टेल, मेस, गणवेश, परीक्षा शुल्क हे फीच्या बाहेर असतं, ते वेगळं विचार. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचा, फॉर्म भरताना खातं आधारशी जोडलेलं हवं. नुसतं केवायसी नाही, अनुदान जमा होण्यासाठीची जोडणी. बँकेत हेच शब्द वापरून विचार. मूळ कागद कॉलेजने ठेवून घेतले तर पोच घे.

अभ्यासाची तयारी मे-जूनमध्ये थोडी झाली तर बरं. जीएनएमची पुस्तकं इंग्रजीत असतात, आणि मराठी शाळेतून आलेली पोर पहिले तीन महिने रडते. मीही रडले. शब्द पाठ करू नको, तुकडे ओळख: टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे संथ, हिपॅटो आलं की यकृत, नेफ्रो आलं की मूत्रपिंड, आयटिस म्हणजे सूज. हिपॅटायटिस या एका शब्दात यकृताची सूज आली की नाही? असे पन्नास तुकडे आले तर अर्धं पुस्तक उघडतं. दुसरं, गुणाकार-भागाकार. 500 मिलीची सलाईन 4 तासांत संपवायची, सेटमध्ये 20 थेंबांचा एक मिली, तर मिनिटाला किती थेंब? 500 गुणिले 20, भागिले 240 मिनिटं. साधारण 42. हे वॉर्डात उभ्या-उभ्या करता आलं पाहिजे, मोबाइल काढून नाही.

आता सुईचं. कॉलेज आणि हॉस्पिटल कोणतं ते सांगत नाही, गरज नाही. पहिलं वर्ष, ऑक्टोबर, संध्याकाळची ड्यूटी. इंजेक्शन दिलं आणि सुईला पुन्हा टोपण घालायला गेले. घालायचं नसतं हे वर्गात शिकवलं होतं, पण वॉर्डात सगळे घालताना दिसत होते. सुई डाव्या तर्जनीत गेली. रक्ताचा एकच थेंब. मी बोट तोंडात घातलं, वर स्पिरिट लावलं, आणि भीतीने रात्रीपर्यंत कोणाला बोलले नाही. टोपण धरून या चारही गोष्टी चुकीच्या. रात्री सीनियरला सांगितलं, तिने पेशंटची फाइल उघडली: हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. लस झाली का, तिने विचारलं.

लस न घेतलेल्या माणसाला अशा सुईतून हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता 6 ते 30 टक्के असते. एचआयव्हीची 0.3 टक्के. सगळे एचआयव्हीला घाबरतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही सात दिवस जगतो. मला इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटिबॉडींचं, इंजेक्शन लागणार होतं, शक्यतो 24 तासांच्या आत, आणि ते त्या शहरात मिळालं नाही. बाबांना फोन केला. आई मागून विचारत होती, "काय झालं वं माय, काऊन रडून राहिली?" आणि मला तिला सांगता येईना. बाबांनी घरात न आलेल्या कापसावर व्यापाऱ्याकडून पैसे उचलले आणि रात्रीच्या गाडीने नागपूरला गेले. औषध थंड डब्यात घेऊन दुपारी पोचले. दुसऱ्या दंडात लसीचा पहिला डोस. तोच डोस, जो जूनमध्ये घ्यायचा होता. मग सहा महिने रक्ततपासण्या. सहा महिने आईबरोबर एका ताटात जेवले नाही. तसं पसरत नाही हे मला माहीत होतं, तरी. शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. माझ्यासारखं सगळ्यांचं निभेलच असं नाही.

तेव्हा हे पाठ कर. सुई टोचली तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं. पिळायचं नाही, चोखायचं नाही, स्पिरिट लावायचं नाही. त्याच मिनिटाला सिस्टरांना सांगायचं, नोंद करायला लावायची. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांत. वापरलेली सुई टोपण न घालता हब कटरमध्ये, म्हणजे सुई कापायच्या डब्यात. आणि या सगळ्याच्या आधी लस. तिसऱ्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची, म्हणजे रक्तात तयार झालेल्या संरक्षणाची, तपासणी कर, आकडा 10 किंवा वर हवा. काहींच्या शरीरात तीन डोसांनीही तो येत नाही, त्यांना पुन्हा घ्यावी लागते. लस घेतली म्हणजे झालं असं नाही, हे मोजून बघ.

लस टोचून घेतेस त्याच दिवशी रक्त दे: हिमोग्लोबिन आणि सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्या विदर्भात सिकलसेल घराघरांत आहे आणि अनेकींना ते गरोदरपणात कळतं. आठ तास उभं राहायचंय, आधी कळलेलं बरं. धनुर्वात आणि रुबेलाचंही डॉक्टरांना विचार.

आईबाबांना प्रवेशाआधी एकदा हॉस्पिटल दाखव. रात्रपाळी असते, पुरुष पेशंटला आंघोळ घालावी लागते, मेलेल्या माणसाला गुंडाळावं लागतं, हे त्यांना आधी सांग. आमच्या बॅचची एक हुशार पोर पहिल्या रात्रपाळीनंतर घरच्यांनी परत नेली, कारण त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

पेटीत काय? सेकंदकाटा असलेलं घड्याळ. नाडी त्याशिवाय मोजता येत नाही, डिजिटल नको. पांढरे बूट एक नंबर सैल, संध्याकाळी पाय सुजतात. गणवेश दोन नाही, तीन. पातळ रजई. कुलूप. लसीचं कार्ड, त्याची झेरॉक्स, आणि मोबाइलमध्ये फोटो.

पुढचं थोडक्यात. हजेरी 80 टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नको, आणि प्रॅक्टिकलची तर डिप्लोमा हातात पडण्याआधी शंभर टक्के भरून काढावी लागते, म्हणून लग्नसराईतल्या सुट्ट्या मोजून घे. बाळंतपणाच्या केसेसची वही त्याच रात्री लिही, सही त्याच आठवड्यात घे. शेवटच्या वर्षी सही करणाऱ्या सिस्टरांची बदली झालेली असते. गावातली पोस्टिंग मन लावून कर. इंटर्नशिप. निकाल. निकालानंतर लगेच कौन्सिलची नोंदणी, ती पाच वर्षांनी नूतनीकरण मागते. भरतीच्या जाहिराती तिथून पुढे.

दुसऱ्या डोसची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिही, तिसऱ्याचीही. पहिला घेऊन आलीस की कार्डाचा फोटो मला पाठव. नाही आला तर रविवारी मी मामाकडे येते आणि तुला घेऊन जाते.