जुन्या बाइकला नवा सायलेन्सर कसा निवडायचा (आणि आवाजाचं काय करायचं)

जुन्या बाइकचा सायलेन्सर बहुतेक वेळा आतून मरतो. बाहेर क्रोम अजून आरशासारखं चमकत असतं आणि एक दिवस गाडी मेन स्टँडला लावताना आतून खडखड ऐकू येते, बॅफल (आवाज अडवणारा आतला भाग) सुटलेला. नाहीतर खालच्या शिवणीवर अंगठा दाबून बघा, पत्रा पापडासारखा मोडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, ते वाफ होऊन बाहेर जातं, पण सायलेन्सर नीट तापलाच नाही तर आतच साठून राहतं. दोन-तीन किलोमीटर जाऊन गाडी बंद करणाऱ्यांचे सायलेन्सर म्हणूनच लवकर सडतात.

मग कंपनीचा ओरिजिनल काही मिळत नाही आणि आपण आफ्टरमार्केटकडे, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या मालाकडे वळतो. तिथे सगळे पहिला प्रश्न विचारतात, आवाज कसा येतो? माझ्या मते तो तिसरा प्रश्न आहे. आधी माप, मग आतली रचना, मग आवाज.

१. आधी माप घ्या, फोटो बघून घेऊ नका

बेंड पाइपच्या (इंजिनातून येणाऱ्या वाकड्या पाइपच्या) ज्या टोकावर सायलेन्सर चढतो तिथला बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. एकदा आडवा, एकदा उभा, कारण वर्षानुवर्षं क्लॅम्प आवळून आवळून ते टोक अंडाकृती झालेलं असतं. इंचाच्या काळातल्या गाड्यांवर दीड इंच म्हणजे ३८.१ मिमी किंवा पावणेदोन इंच म्हणजे ४४.४५ मिमी असे आकडे येतात, आणि सायलेन्सर मिमीमध्ये बनवलेला असला की थोडीफार फट राहतेच. फट अगदी थोडी असेल तर पत्र्याची पट्टी गुंडाळून भागतं, जास्त असेल तर बरोबर मापाचा ॲडॅप्टर घ्या, पेस्ट थापून काम चालवू नका, ती गरम झाली की तडकते.

मग ब्रॅकेट कुठे येतो ते बघा, एकूण लांबी बघा, आणि मेन स्टँड, ब्रेकचं पेडल, चेन, स्विंगआर्म यांच्यापासून किती अंतर राहतंय तेही बघा. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो, मागच्या चाकाचा ॲक्सल सायलेन्सर न काढता बाहेर येतो का ते तपासा. माझा नाही आला. रस्त्यात पंक्चर, अंधार पडायला आलेला, ॲक्सल अर्धा बाहेर आला आणि सायलेन्सरच्या पोटाला टेकला, मग तापलेला सायलेन्सर निवेपर्यंत शेजारी बसून राहिलो.

२. आत काय आहे ते बघा

ढोबळपणे दोन प्रकार. एकात भोकांची सरळ नळी असते आणि तिच्याभोवती ग्लासवूल भरलेलं, मागून बॅटरी मारली की उजेड आरपार दिसतो. दुसऱ्यात आडवे पडदे आणि कप्पे असतात, गॅस वळसे घेत जातो आणि आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून विरतात. ग्लासवूल आवाजाची चिरकी, टोचणारी पट्टी चांगली खातं, खालची घुमणारी पट्टी त्याला फारशी आवरत नाही, तिथे कप्पे आणि मोठं पोट लागतं.

हे तुमच्या इंजिनावरही अवलंबून आहे. चार-स्ट्रोक सिंगल (एकाच सिलिंडरचं इंजिन) ३००० आरपीएमला सेकंदाला २५ ठोके देतं, चार सिलिंडरचं तेवढ्याच आरपीएमला १००. म्हणून सिंगलचा आवाज इतका खालचा, छातीत वाजणारा, आणि हाच खालचा आवाज भिंती आणि बंद खिडक्या ओलांडून शेजाऱ्याच्या उशापर्यंत जातो. सिंगलवर आखूड, बारीक, आरपार पुंगळी लावली तर तो काही केल्या आवरत नाही, सिंगलला लांब आणि पोटाचा सायलेन्सरच घ्या.

मेगाफोनचा, म्हणजे मागे भोंग्यासारखा रुंद होत जाणारा आकार दिसायला भारी, नाही कोण म्हणतंय. पण तो रेसिंगमधून आलाय, तिथे उघडा मेगाफोन वरच्या आरपीएमला जोर देतो आणि खाली गाडी गुदमरते, याला जुने लोक मेगाफोनायटिस म्हणायचे. आता जे मिळतात त्यात बरेचदा आत नेहमीचा बॅफल असतो आणि बाहेर फक्त आकार. तसाच घ्या. बॅफल स्क्रूने काढता येणारा असेल तर स्क्रूला लॉकिंग वायर घालता येते का बघा, कारण सुटलेला बॅफल मागच्या गाडीवाल्याकडे जातो.

टू-स्ट्रोकवाल्यांनी मात्र इथे जपून. तिथला एक्स्पान्शन चेंबर (मधे फुगीर असलेला एक्झॉस्ट पाइप) हा इंजिनाचाच भाग असतो, एक्झॉस्ट पोर्टमधून निसटलेलं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण त्याच्यातली लाट परत आत ढकलते, लांबी-रुंदी बदलली की गाडीचा स्वभावच बदलतो. बदलायचा तर फक्त शेवटचा छोटा सायलेन्सर.

३. आता आवाज

मोठा आवाज म्हणजे जास्त पॉवर, हा गैरसमज काही जात नाही. पाइपातून दाबाची लाट मागे धावते, उघड्या तोंडाशी पोचली की ओढ घेणारी लाट होऊन परत येते, आणि ती बरोबर वेळेला व्हॉल्व्हपाशी पोचली तर सिलिंडर रिकामा व्हायला मदत होते. कंपनीने कार्ब (कार्ब्युरेटर) हे सगळं धरून जुळवलेला असतो. नुसता बॅफल उपटला तर आवाज वाढतो आणि मधल्या आरपीएमला पिकअपमध्ये खड्डा पडतो, पण आवाजाच्या नादात वाटतं गाडी उडतेय. बॅफलला ड्रिलने भोकं पाडणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

डेसिबलचा हिशोब साधा नाही. ३ डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट, आणि १० वाढले की कानाला साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे जाहिरातीत 'फक्त ६ डेसिबल जास्त' लिहिलं असेल तर त्या 'फक्त'वर जाऊ नका.

उभ्या गाडीचा आवाज मोजायची पद्धत आयएसओ ५१३० मध्ये दिलीय: माइक सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशाच्या कोनात, तोंडाच्याच उंचीवर. जास्तीत जास्त पॉवरचा आरपीएम ५००० च्या वर असेल तर त्याच्या निम्म्यावर इंजिन धरायचं, ५००० किंवा कमी असेल तर पाऊण आरपीएमवर. फोनमधलं ॲप अचूक नसतं, पण जुना सायलेन्सर काढायच्या आधी एकदा आणि नवा लावल्यावर एकदा, त्याच फोनने, त्याच जागी मोजलंत तर फरक कळतो. तुमच्याकडची मर्यादा आणि सायलेन्सरवरचा मान्यतेचा शिक्का घ्यायच्या आधीच बघून घ्या, 'ऑफ रोड' किंवा 'रेस ओन्ली' छापलेलं असेल तर ते शोभेसाठी छापलेलं नसतं.

व्हिडिओत ऐकून मात्र ठरवू नका. फोनचा माइक खालची पट्टी कापतो, सगळेच सायलेन्सर एकसारखे फटफटतात. तसलाच सायलेन्सर लावलेली गाडी मिळाली तर तिच्या मागे उभं राहा, आणि मग पन्नास पावलं लांब जाऊन ऐका. सीटवर बसून गोड वाटणारा आवाज लांबून नुसती कटकट असू शकतो.

४. बसवताना

गाडी पूर्ण थंड. आधी सगळं सैल लावा, मग हेडकडच्या नटापासून मागे येत आवळत जा, हेडपाशी गॅस्केट नवं घाला. ब्रॅकेटचं भोक जुळत नसेल तर सायलेन्सर ओढून बोल्ट घालू नका, तो ताण कंपनांमध्ये ब्रॅकेटच्या वेल्डवर निघतो आणि वेल्ड तुटतं. वॉशर घाला, भोक थोडं लांबवा, पण ओढाताण नको. ट्विनला (दोन सिलिंडरच्या गाडीला) दोन पाइपांमधली जोडनळी असेल तर ती ठेवाच, तिने आवाजही कमी होतो.

सुरू करायच्या आधी क्रोमवरचे बोटांचे ठसे स्पिरिटने पुसा. नाही पुसले तर पहिल्याच तापण्यात ते भाजून पक्के बसतात, माझ्या डाव्या सायलेन्सरवर माझा अंगठा अजून आहे.

मग मोकळ्या हवेत गाडी सुरू करा आणि लगेच, थंड असतानाच, जाड फडकं क्षणभर सायलेन्सरच्या तोंडावर धरा. जोडातून फुसफुस आली तर तिथे लीक आहे. थ्रॉटल सोडल्यावर फाट-फाट वाजत असेल तर आधी लीकच शोधा, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि उरलेलं पेट्रोल पाइपात पेटतं. एक फेरी मारून आलात की निवल्यावर क्लॅम्प परत आवळा.

५. जेटिंग

नवा सायलेन्सर जुन्यापेक्षा मोकळा असेल तर मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडणारं, होऊ शकतं. स्पार्क प्लग काढून बघा, टोकाचं पोर्सलीन पांढरंफटक म्हणजे लीन, काळी काजळी म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), फिकट बिस्किटी रंग आला की ठीक. मेन जेट (कार्बमधलं पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) एका वेळी एकच नंबर वाढवा. ॲमल कंपनीच्या कार्बमध्ये मेन जेटवरचा आकडा म्हणजे मिनिटाला किती सीसी पेट्रोल जातं तो, त्यामुळे तिथे अंदाज बांधणं सोपं. अर्ध्या थ्रॉटलला अडखळत असेल तर मेन जेटला दोष देऊ नका, तिथे कार्बमधल्या सुईचं राज्य असतं, सुईवरची क्लिप एक खाच खाली घेऊन बघा.

जुना सायलेन्सर सडलेला नसेल तर फेकू नका, आतलं पाणी निथळून तेलाचा हात फिरवा, तोंडात फडक्याचा बोळा घालून माळ्यावर ठेवा. परत लावाल तेव्हा बोळा काढायचा असतो, हे मी अनुभवाने सांगतोय.