झोपेच्या तक्रारी: या चुका टाळा

आपल्या गोव्यातली सगळ्यात लाडकी चूक म्हणजे झोपेसाठी घेतलेले दारूचे दोन घोट. उन्हाळ्यात उर्राक, एरवी फेणी. 'मस्त झोप लागता' हे डिचोलीपासून काणकोणापर्यंत ऐकायला मिळतं. डोळा लवकर लागतो हे खरंच आहे, बिघडतं ते पुढे. रात्रीची झोप साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांनी चालते. फेरीच्या शेवटी पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात आणि ठळक स्वप्नं पडतात. याला 'रेम' झोप म्हणतात. शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये ती नोंदवली. पूर्वरात्री दारू नेमकी हीच झोप दाबते. मग अंमल उतरला की पहाटे तीनच्या सुमाराला ती उसळते. घाम, धडधड, भलतीसलती स्वप्नं, त्यात लघवीची घाई. घोरणंही वाढतं, कारण घशाचे स्नायू सैल पडतात. दिवसभर डोकं जड राहतं, आणि माणूस त्यावर इलाज म्हणून रात्री पेग मोठा करतो!

प्यायचीच असेल तर झोपण्याच्या तीन-चार तास आधी थांबा. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. थरथर, भास, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहेच. आणि दारूवर झोपेची गोळी कधीच नको, दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

गांजा 'नैसर्गिक' म्हणून झोपेला चांगला, हा किनाऱ्यावरचा समज. कायद्याचं सोडा, तोही रेम झोप कमी करतो. नेहमी ओढणाऱ्याने सोडला की काही दिवस-आठवडे स्वप्नांचा पूर येतो. मेंदू बिघडला असं समजून लोक परत सुरू करतात. तो पूर ओसरतो, धीर धरा.

वामकुक्षीवर माझा राग नाही. शीतकढी-नुस्त्यावर ताव मारून दुकानाचं शटर ओढणं हा आपला हक्कच. फक्त ती २०-३० मिनिटांची हवी. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचं झोप आणणारं रसायन साठत जातं, त्यानेच रात्री डोळे मिटतात. दुपारी दोन तास घोरलात तर तो साठा दुपारीच संपतो. संध्याकाळच्या चहा-कॉफीतलं कॅफीन त्याच अडेनोसिनची वाट अडवतं, आणि पाचेक तासांनीही निम्मं अंगात असतं. जत्रेतलं नाटक पहाटेपर्यंत बघितलंत, तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लोळू नका; नेहमीच्या वेळेच्या आसपास उठा आणि एक डुलकी काढा.

संमोहनाने एका बैठकीत झोप सुधारेल, अशी आशाही नको. पणजीत ज्या आबे फारियांच्या पुतळ्यापुढे आपण फोटो काढतो, ते संमोहनकार पाद्री कांदोळीचे. संमोहनाची शक्ती करणाऱ्यात नसून होणाऱ्याच्या मनात असते, असं त्यांनी पॅरिसमध्ये ठणकावून सांगितलं. संमोहनकाराच्या अंगातल्या चुंबकशक्तीच्या गप्पा मारणाऱ्यांना ते अजून उमगलेलं दिसत नाही.

जाग आली, पण हात हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं? भूतबाधा उतरवणाऱ्या घाड्याकडे धावू नका. रेम झोपेत शरीर सैल पडलेलं असतं, मेंदू तेवढा आधी जागा झालाय. श्वास संथ ठेवा, एखादं बोट हलवून बघा. अपुरी झोप आणि उताणं झोपणं यांनी हे वाढतं. वारंवार होऊ लागलं आणि दिवसाही आवरेना अशी झोप येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.