लेकराला दातांच्या दवाखान्यात नेण्याआधीची तयारी

रात्रभर दाढ ठणकून गाल सुजल्यावर लेकराला पहिल्यांदा डॉक्टरांपुढे बसवले, तर त्याच्या मनात दवाखाना आणि वेदना यांची गाठ कायमची बसते. म्हणून पहिला वाढदिवस होण्याच्या आतच एकदा दात नुसते दाखवून आणावेत. ‘दुधाचेच दात, पडून जातील’ असे म्हणून थांबणे तर फारच महागात पडते, कारण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्यामागे येणारी दाढ कायमचीच असते.

भेट ठरली की सर्वांत आधी घरातल्या मोठ्यांचे बोलणे तपासावे. ‘रडलास तर डॉक्टर सुई देतील’ ही धमकी आपल्याकडे जेवताना, झोपताना, हट्ट करताना इतक्या सहज दिली जाते की खुर्चीत बसल्यावर लेकराला नेमकी तीच आठवते. आजी-आजोबांना आणि मामा-मावशींना आठवडाभर आधीच विनंती करून ती बंद करावी. पण ‘काहीच दुखणार नाही’ असे खोटे वचनही देऊ नये, कारण ते एकदा मोडले की पुढच्या वेळी आपल्या कोणत्याच शब्दावर लेकरू विश्वास ठेवत नाही. ‘जरा चिमटा घेतल्यासारखे वाटेल, मग गाल जड होईल, थांबावेसे वाटले तर डावा हात वर कर’ एवढे खरे आणि थोडक्यात सांगावे, आणि ही हाताची खूण डॉक्टरांशीही आधीच ठरवून घ्यावी.

दोन-तीन संध्याकाळी घरीच सराव करावा. लेकराचे डोके मांडीवर घेऊन, स्वच्छ चमचा गालाच्या आत धरून, मोठ्याने दात मोजावेत (दुधाचे सगळे आले असतील तर २० भरतात), आणि मग त्याला आपले मोजू द्यावेत. माझ्या लेकीने माझी चांदी भरलेली दाढ शोधून ‘इथे तुला दुखलं होतं का?’ असे विचारले, तेव्हा तिच्या मनातली भीती पहिल्यांदा शब्दांत बाहेर आली. चांगले डॉक्टरही आधी सांगतात, मग दाखवतात आणि नंतरच करतात. १९५९ पासून शिकवली जाणारी ही पद्धत आपले डॉक्टर वापरतात का, हे वेळ घेतानाच विचारावे. सुईआधी हिरडीला बधिर करणारी जेल लावतात का, हेही विचारावे, आणि ती लावल्यावर एक-दोन मिनिटे थांबण्याचा आग्रह धरावा.

वेळ शक्यतो सकाळची घ्यावी. दूरच्या तालुक्यातून एसटीने लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचे असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला जाणे बरे, कारण उन्हात तापलेले, अर्धवट झोपलेले लेकरू कुणाचेच ऐकत नाही. पिशवीत जुने कागद, चालू औषधे, आवडते खेळणे आणि एक जास्तीचा सदरा असावा. बधिर करण्याच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात वजन करून ते लिहून न्यावे. दमा, हृदयाचा आजार किंवा औषधाची ॲलर्जी असल्यास ती आपणहून सांगावी. भूल देणार असतील तर उपाशीपोटाच्या सूचना काटेकोर पाळाव्यात, अन्यथा हलके खाऊ घालूनच निघावे. दुखऱ्या दाढेत लवंगेचे तेल ओतू नये, त्याने हिरडी भाजते. ॲस्पिरिन तर मुलांना देऊच नये, आणि पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे द्यावे.

परतीची तयारीही आधीच करावी. ओठ आणि गाल दोन-तीन तास बधिर राहतात, आणि या वेळात लेकरे गंमत वाटून ओठ चावत बसतात. माझ्या भाच्याने एसटीत खिडकीपाशी बसून तो इतका चावला की संध्याकाळपर्यंत ओठ सुजून पांढरा पडला होता. म्हणून परतताना त्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवावे, बधिरपणा पूर्ण उतरेपर्यंत भाकरी किंवा गरम चहा देऊ नये, आणि त्यानंतर कोमट वरणात कालवलेला मऊ भात भरवावा. दात काढला असेल तर कापूस अर्धा तास दाबून धरायला लावावा आणि थुंकू देऊ नये. रक्त थांबेना, सूज वाढली किंवा ताप आला तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा.