इंदूरहून हिमालयात जायचंय आणि प्राणी-पक्षीपण बघायचेत? मग असं प्लॅन करा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींत कोणी ना कोणी विचारतंच, हिमालयात ट्रेकला जायचंय, जमलं तर वाइल्डलाइफपण बघू, कुठलं पॅकेज घ्यावं? तर पॅकेज नंतर बघू, आधी घरच्या घरी एकच गोष्ट ठरवून टाका, तुम्हाला टॉप गाठायचाय की जनावरं बघायचीत. दोन्ही होईल असं विकणारे सगळेच सांगतात, पण समिटवाल्या ट्रेकमध्ये वीस-पंचवीस जणांची बॅच असते, कोणाच्या तरी बॅगेला स्पीकर लटकलेला असतो, आणि रोजचं अंतर ठरलेलं म्हणून लीडर मागून "चलो चलो" करत असतो. जनावरं दिसतात पहाटे उजाडताना आणि संध्याकाळी ऊन उतरताना, आणि नेमकं तेव्हा ही बॅच चहा-मॅगीच्या लाइनीत उभी असते. म्हणून खरंच प्राणी बघायचे असतील तर ट्रेक छोटा घ्या, ग्रुप चार-सहा जणांचा ठेवा आणि एकाच कॅम्पवर दोन-तीन रात्री राहा. टॉप राहिला तर राहिला.

दुसरं, हिम बिबट्याचं स्वप्न पहिल्या ट्रिपला बाजूला ठेवा. देशभरात मिळून ७१८ हिम बिबटे आहेत असा सरकारी अंदाज २०२४ मध्ये आला, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये आणि हिमाचलात ५१. तो बघायला लोक भर थंडीत, साधारण जानेवारी ते मार्च, लडाखच्या हेमिसला नाहीतर स्पितीत किब्बरला जातात, कारण बर्फामुळे भरल, म्हणजे डोंगरातल्या रानमेंढ्या, खाली उतरतात आणि त्यांच्या मागे तो. किब्बर चार हजार मीटरच्या वर आहे, थंडी हाडं गोठवणारी, आणि दिवसभर स्पॉटिंग स्कोपला, म्हणजे तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीला, डोळा लावून बसायचं. ते वेगळं प्रकरण आहे आणि खिशालाही वेगळंच लागतं. मे महिन्याच्या फॅमिली ट्रेकमध्ये "स्नो लेपर्ड साइटिंग" लिहिलेलं दिसलं की समजून जा भिया, पुढे वाचायची गरज नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी तरी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच सुचवेन, हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातला, तीर्थन खोऱ्याच्या बाजूने. १९९९ मध्ये नॅशनल पार्क झाला, २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला, आणि तरी मनालीच्या गर्दीतले नव्वद टक्के लोक तिकडे वळतच नाहीत. देवदार, ओक, बांबू, वर भोजपत्र आणि त्याच्यावर गवताळ कुरणं, सगळं एकाच चढात बघायला मिळतं, आणि प्रत्येक थराला जनावर वेगळं. खाली घोरल (बकरीसारखा दिसणारा) आणि काळं अस्वल, वर कड्यांवर थार म्हणजे रानबोकड, त्याच्याही वर भरल, कस्तुरी मृग मधल्या झाडीत. पक्ष्यांत मोनाल, कोकलास, आणि नशीब जोरावर असेल तर वेस्टर्न ट्रॅगोपन, ज्याला तिकडे जुजुराणा म्हणतात, हिमाचलचा राज्यपक्षी तोच.

सोपा रूट म्हणजे तीर्थन खोऱ्यातल्या गुशैणी गावाहून रोला कॅम्प आणि रोलाहून शिल्ट. गुशैणी ते रोला साधारण दहा किलोमीटर, नदीच्या काठाकाठाने, दम लागतो पण घाम फुटत नाही. रोला २१०० मीटरच्या आसपास. तिथून शिल्ट मात्र उभा चढ आहे, एका दिवसात जवळपास हजार मीटर, म्हणून रोलाला एक रात्र जास्त ठेवा, सकाळी आसपासच्या जंगलात फिरा, मग वर चढा. शिल्टच्या फॉरेस्ट हटवर किमान दोन रात्री. तिथल्याच झाडीत आणि मोकळ्या उतारांवर बसून बघायचं असतं सगळं.

कधी जायचं? एप्रिलचा शेवट ते मे, नाहीतर सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबरची सुरुवात. एप्रिल-मे पक्ष्यांसाठी भारी, कारण विणीचे दिवस असतात आणि जुजुराणाचा नर पहाटे ओरडतो, लहान मूल रडल्यासारखा तो आवाज दरीभर फिरतो आणि एरवी बांबूत लपून बसणारा हा पक्षी निदान कुठे आहे ते तरी कळतं. दसरा-दिवाळीत हवा स्वच्छ, लांबचं दिसतं, गवत पिवळं पडलेलं असल्याने कड्यावरचा थार पटकन नजरेत येतो. फक्त कुल्लूचा दसरा आपला संपतो त्या दिवशी सुरू होतो आणि आठवडाभर चालतो, तेव्हा बस आणि हॉटेल दोन्ही फुल, ते दिवस टाळा किंवा फार आधी बुक करा. जुलै-ऑगस्ट नकोच, दरडी आणि जळवा.

आता गाइड. पार्कमध्ये परमिट लागतं आणि जंगल माहीत असलेल्या गाइडशिवाय जाण्यात काही अर्थच नाही. पैसे वाचवायचे तर हॉटेलमध्ये वाचवा, गाइडमध्ये नका वाचवू. आणि गाइड तिथल्याच गावचा बघा. १९९९ मध्ये पार्क पक्का झाला तेव्हा आजूबाजूच्या गावांचे आत मेंढ्या चारायचे, जडीबुटी आणि गुच्छी (रानातली महागडी अळंबी) गोळा करायचे हक्क गेले, आणि त्याच घरांतली बरीच पोरं आज गाइड, पोर्टर, स्वयंपाकी म्हणून काम करतात. ज्याचे वडील-आजोबा मेंढ्या घेऊन त्या कुरणांवर राहिले त्याला भरल कुठल्या पाण्यावर येतो हे विचारावं लागत नाही. शहरातून आलेला ट्रेक लीडर चांगला असतोही, पण तो रस्ता दाखवतो, जनावर नाही.

बुकिंगच्या आधी फोनवर थोडं खोदून विचारा. ग्रुप किती जणांचा, गाइड कुठल्या गावचा, परमिट आणि फॉरेस्ट हटचं बुकिंग कोण करणार, एखादा जादा दिवस हातात ठेवलाय का, कोणाची तब्येत बिघडली तर खाली कसं आणणार, फर्स्ट एडमध्ये काय काय आहे, ऑक्सिमीटर आहे का. यातल्या कुठल्याही प्रश्नावर "अरे सर टेन्शन मत लो" एवढंच उत्तर आलं तर फोन ठेवा. मी तर एक आडवा प्रश्नपण विचारते, मागच्या सीझनला काय दिसलं? खरा माणूस सांगतो की मोनाल रोज, थार दोनदा, अस्वलाची फक्त विष्ठा. सगळंच दिसलं म्हणणारा थापा मारतोय.

तयारी. इंदूर ५५० मीटरवर आहे आणि एकदम सपाट, मेघदूत गार्डनचे राउंड मारून चढाची सवय होत नाही. आपल्याकडे राळामंडल आहे ना, होळकरांची शिकारगाह वर असलेला डोंगर, तिथे दीड-दोन महिने आधीपासून आठवड्यातून तीनदा चढा-उतरा, आणि शेवटच्या काही रविवारी महूकडे जानापाव करा, पाठीवर सहा-सात किलोची सॅक घेऊन. माळव्यात याहून उंच फारसं काही नाहीच. उतरण्याचा सराव विसरू नका, गुडघे उतरतानाच बोलतात. ट्रेकिंगचे बूट अर्धा नंबर मोठे घ्या आणि ते घालूनच हे सगळं करा, बाजारात जायचं तरी तेच बूट. निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं कापा, नाहीतर उतारावर अंगठा बुटाला आपटून आपटून काळा पडतो.

उंचीचं गणित साधं आहे पण लोक ते उडवून लावतात. २५०० मीटरच्या वर कोणालाही त्रास होऊ शकतो, जिम करणाऱ्यालाही, किंबहुना त्यालाच जास्त, कारण तो सुसाट पुढे जातो. ३००० च्या वर गेल्यावर रोजची झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त वर नको आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नको वाटणं ही सुरुवात, तिथेच थांबायचं, वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला सुरू झाला, किंवा चालताना तोल जायला लागला तर रात्र असो वा पाऊस, खाली उतरायचं, वाट बघायची नाही. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असेल किंवा बीपी-किडनीचं काही असेल तर. शेजारच्या काकांनी अमरनाथला घेतली होती म्हणून आपणही घ्यायची, असं करू नका.

कपड्यांत कॉटन नको, घामाने भिजलं की वाळत नाही. आत पटकन वाळणारा टीशर्ट, वर फ्लीस, त्याच्यावर डाउन जॅकेट आणि बाहेरून पाणी-वारा अडवणारं एक. रंग मातकट, हिरवा, राखाडी. लाल-नारिंगी जॅकेट फोटोत मस्त दिसतं पण मोनाल ते तुमच्या आधी बघतो. परफ्युम, डिओ घरी ठेवा. खाण्यात आपला इंदुरी जीव शेवेवर, मग न्या थोडी लसणाची शेव, पण वर गेल्यावर तेलकट पचत नाही हे लक्षात ठेवा, त्यापेक्षा डिंकाचे लाडू, खजूर, सातूचं पीठ आणि मेतकूट न्या. गरम भातावर मेतकूट-तूप घातलं की कॅम्पवरचा स्वयंपाकीपण वाटी पुढे करतो. रिकामी पाकिटं परत खाली आणायची, यात चर्चा नाही.

एक वस्तू मात्र चांगली घ्या, दुर्बीण. ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची, त्यामुळे पहाटेच्या कमी उजेडातही काम करते. वीसपट वगैरे झूमवाली रस्त्यावरची नका घेऊ, हात थरथरतो आणि काही दिसत नाही. ती वापरायची युक्ती अशी की आधी नुसत्या डोळ्यांनी जनावर पकडायचं, नजर तिथेच खिळवून ठेवायची आणि दुर्बीण उचलून डोळ्यांपर्यंत आणायची. नवशिके लोक नजर खाली दुर्बिणीकडे नेतात आणि मग पाच मिनिटं शोधत बसतात. याची प्रॅक्टिस सिरपूर तलावावर करा, बदकं पळून जात नाहीत तेवढी.

आणि डोंगर बघायचा कसा? उजाडायच्या आधी जागेवर पोचून बसा, पाठ दगडाला टेकवून, आकाशाच्या रेषेवर उभं न राहता. समोरचा उतार मनात आडव्या पट्ट्यांत वाटा आणि एकेक पट्टी डावीकडून उजवीकडे हळू बघत खाली या. पूर्ण प्राणी शोधू नका, चुकीचा वाटणारा तुकडा शोधा, दगडांत एखादी गोल पाठ, गवतात हललेला कान. मोनालचा नर तर उन्हात निळा-हिरवा-तांबडा असा चमकतो की चुकणं अवघड, पण तो सावलीत असला की चोचीने माती उकरताना उडणारी ढेकळंच आधी दिसतात. कंद-मुळं आणि किडे काढत तो एकाच जागी बराच वेळ घालवतो, तेव्हा घाई न करता बघता येतं. कस्तुरी मृग एकटा असतो आणि ठरलेल्या जागीच विष्ठा करतो, तो लेंड्यांचा ढीग गाइडने दाखवला की तिथून लांब बसून वाट बघायची. नराला शिंगं नसतात, वरच्या जबड्यातून दोन सुळे खाली आलेले असतात, पहिल्यांदा बघणारा हरिणाला दात कसे म्हणून चक्रावतो. गाइडने हात नुसता खाली दाबला की बसा, "कुठे कुठे" विचारू नका. आवाजाची रेकॉर्डिंग वाजवून पक्षी बोलवायचा आग्रह तर अजिबात नको, विणीच्या दिवसांत तर नाहीच.

जायचं कसं ते शेवटी. आपल्याकडून मालवा एक्सप्रेस सोयीची, दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाल्याला उतरून चंदीगडहून मनालीच्या बसने औट, टनलपाशी उतरायचं. किंवा दिल्लीहून रात्रीची मनाली बस, ती पहाटे औटला सोडते, फक्त कंडक्टरला आधी सांगून ठेवा नाहीतर डोळा लागला की थेट कुल्लू. औटहून बंजार आणि बंजारहून गुशैणी, लोकल बस आहे, टॅक्सी पण मिळते. कॅश बंजारलाच काढा, आत गेल्यावर नेटवर्कही नाही आणि यूपीआयही नाही, घरी तसं सांगून ठेवा म्हणजे आई काळजी करत बसणार नाही. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, मेच्या सुट्ट्यांत मालवा भराभर भरते, म्हणून रिझर्व्हेशन उघडतं त्याच दिवशी सकाळी तिकीट काढायला बसा. परतीच्या तिकिटाला मात्र ट्रेकनंतर एक पूर्ण मोकळा दिवस ठेवा, वाटेतल्या मंडी शहराच्या आसपास रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही, आणि बंद नाही झाला तर तो दिवस तीर्थनच्या काठी काढा.