फेलोशिप कागदावर अडकते: सीमाभागातल्या संशोधकांनी या चुका टाळाव्यात

नेटचा, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनासाठीच्या देशपातळीवरच्या परीक्षेचा निकाल लागला की बेळगावच्या टिळकवाडीत माझ्या घरी दोन-तीन मुलं कुंद्याचा डबा घेऊन येतात. सहा महिन्यांनी त्यातलंच एखादं उतरलेल्या चेहऱ्याने पुन्हा दारात उभं असतं. "सर, फेलोशिप अडकलीय." हुशारी कमी पडली म्हणून अडकलेली फेलोशिप मी फार कमी पाहिली. अडकते ती कागदावर. आपल्या मुलांची दहावी कर्नाटक बोर्डाची, एमए कोल्हापूरचं, आधार कन्नड-इंग्रजीत, घरात मराठी. पुण्यातल्या मुलाचं जे काम एका फेरीत होतं, त्याला आपल्याला चार फेऱ्या पडतात. म्हणून आपल्याला घाई परवडत नाही, आणि नेमकी घाईच सगळ्यांना असते.

एका अक्षराचं काय एवढं?

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की पोटात गोळा येतो.

खानापूर तालुक्यातली एक मुलगी. खरं नाव देत नाही, सुजाता म्हणू. दहावीच्या मार्ककार्डावर आधी नाव, मग वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर, शेवटी आडनाव. कोल्हापूरच्या एमएच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं आणि वडिलांचं नाव पूर्ण. आधार काढताना ऑपरेटरने कन्नड वळणाने 'त'साठी टी आणि एच अशी दोन अक्षरं घातली, म्हणजे इंग्रजीत ती सुजाथा झाली. तीन कागदांवर तीन मुली. नेटचा फॉर्म भरताना तिला मी म्हटलं होतं, आधी हे एक करून घे. ती म्हणाली, "सर, सगळ्यांना कळतंय की मीच ती." माणसांना कळतं. संगणकाला कळत नाही.

जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, मिळाली, पीएचडीला नोंदणी झाली, आणि पैसे सात महिने आले नाहीत. आधारवरचं नाव आणि अवॉर्ड लेटरवरचं, म्हणजे फेलोशिप मिळाल्याच्या पत्रावरचं नाव जुळेना. वडील दुसऱ्याची शेती वाट्याने करणारे. मुलगी रोज खानापूरहून बसने यायची, डब्यात भाकरी आणि चटणी. पाचव्या महिन्यात ती मला म्हणाली, सोडून देते आणि खासगी शाळेत लागते. त्या दिवशी तिला घरी थांबवून घेतलं आणि सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडले. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन दिवसांत व्हायचं काम होतं, त्यासाठी एक मुलगी संशोधन सोडायला निघाली होती.

माझी पद्धत साधी आहे. दहावीचं मार्ककार्ड हा पाया. नेटच्या फॉर्ममध्ये नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहायचं असतं, म्हणून बाकी सगळं दहावीशी जुळवायचं. आधार, पॅन, बँक पासबुक. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा केंद्रावर ऑपरेटरच्या स्क्रीनकडे बघत एकेक अक्षर मोठ्याने वाचायचं, मगच 'ठीक आहे' म्हणायचं. चूक दहावीच्याच कार्डात असेल तर आधी शाळेत जाऊन बोर्डाकडे दुरुस्ती टाकायची. तिथे वेळ लागतो, पण त्याला वळसा नाही. लग्न झालेल्या मुलींनी सासरचं नाव मधेच एखाद्या कागदावर लावू नये. लावायचंच तर सगळीकडे लावावं, नाहीतर कुठेच नको.

सुजाताच्या गोष्टीचा दुसरा भाग बँकेचा. नाव दुरुस्त झालं तरी पैसे दिसेनात. तिने मधे कधीतरी मोबाइलच्या दुकानात अंगठा लावून एक पेमेंट बँकेचं खातं उघडलं होतं, आणि तिचं आधार तिकडे मॅप झालं होतं. आधार कितीही खात्यांना जोडलेलं असू दे, सरकारी पैसे येतात ते मॅपिंग असलेल्या एकाच खात्यात. 'खातं आधारशी लिंक आहे का' असं विचारलं की शाखेतला माणूस मान डोलावतो. विचारायचं ते 'एनपीसीआयला सीडिंग कुठल्या खात्याचं आहे' असं. एनपीसीआय म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था, आणि सीडिंग म्हणजे हेच मॅपिंग.

हजेरी दुसऱ्यावर सोडणे

यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची फेलोशिप कॅनरा बँकेच्या पोर्टलमार्फत येते. विद्यापीठातल्या 'मेकर'ने दर महिन्याला तुमची हजेरी भरायची आणि 'चेकर'ने ती मंजूर करायची. एक जण रजेवर गेला की महिना गेला. मी मुलांना सांगतो, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गाइडची सही घेऊन कागद स्वतः नेऊन द्या आणि पोचेवर शिक्का घ्या. भूतरामनहट्टीला विद्यापीठापर्यंत जायचा कंटाळा येतो म्हणून व्हॉट्सअॅपवर फोटो टाकणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही.

जातीचा दाखला: कुठल्या यादीतला?

नाडकचेरीत, म्हणजे आपल्याकडच्या महसूल कार्यालयात, 3बी किंवा 2ए या मागासवर्ग गटांचा दाखला मिळतो. तो कर्नाटक राज्याच्या यादीचा. नेटला ओबीसीची सवलत मिळते ती केंद्राच्या यादीवर, आणि दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला, नॉन-क्रीमी लेयरसह लागतो. कर्नाटकात मराठा समाज राज्याच्या यादीत 3बीमध्ये आहे. तेवढ्यावरून फॉर्ममध्ये ओबीसीवर टिक मारू नका. आपल्या नोंदीचं नाव केंद्राच्या यादीत स्वतः शोधा, सापडलं तरच टिक. माहेर संकेश्वर आणि सासर गडहिंग्लज असलेल्या मुलींनी लक्षात ठेवावं, क्रीमी लेयर ठरतो आईवडिलांच्या परिस्थितीवरून, नवऱ्याच्या नाही.

काही गोष्टी एकेका ओळीत. जून 2024 पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो आणि फेलोशिप फक्त पहिल्या गटाला मिळते, 'पीएचडीसाठी पात्र' म्हणजे जेआरएफ नव्हे. त्या बाकीच्या दोन गटांचे गुण पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. जेआरएफचं अवॉर्ड लेटर तीन वर्षं चालतं, पण गाइड मिळायला दीड वर्ष जातं, म्हणून पहिल्या महिन्यापासून शोधा. जेआरएफला वयाची अट 30, सवलतीच्या गटांना आणि महिलांना पाच वर्षं जास्त. सायबर कॅफेवाल्याला पासवर्ड देऊन घरी जाऊ नका.

महाराष्ट्राच्या योजनांबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. सारथी, बार्टी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिराती आपल्याकडे सगळ्या ग्रुपवर फिरतात. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या 865 गावांतल्या मुलांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांत वेगळी सोय आहे, म्हणून फेलोशिपलाही ती असेल असं मुलं धरून चालतात. प्रवेशाची सोय वेगळी, फेलोशिपची अट वेगळी. त्या वर्षीच्या जाहिरातीतलं रहिवासाचं कलम शब्दन् शब्द वाचा. नातेवाइकाच्या पत्त्यावर कोल्हापूरचा रहिवासी दाखला काढायचा सल्ला देणारे भेटतील. त्या वाटेने गेलेला मुलगा पुढची पाच वर्षं प्रत्येक पडताळणीला घाबरत काढतो. मी अशा अर्जाला कधीही मदत केलेली नाही.

अतिथी व्याख्याता आणि फेलो, दोन्ही एकदम

फेलोशिप घेताना दुसरीकडून पगार, मानधन काहीही घेता येत नाही. चिकोडीकडचा एक मुलगा डिग्री कॉलेजात अतिथी व्याख्याता होता. जेआरएफ सुरू झाल्यावरही आठ महिने शिकवत राहिला, कारण वर्ग मधे सोडवेनात. मन चांगलं होतं त्याचं. पुढे तक्रार झाली आणि आठ महिन्यांची फेलोशिप परत करायची वेळ आली. महिन्याला 37 हजारांप्रमाणे 2 लाख 96 हजार. वडिलांनी उसाच्या बिलावर सोसायटीतून उचल घेतली. फेलोशिपवर रुजू व्हायच्या आदल्या दिवसाची तारीख घालून राजीनामा द्या आणि कॉलेजकडून कार्यमुक्तीचं पत्र हातात घ्या. तोंडी 'सोडलं' याला अर्थ नाही.

सगळा सीमाभाग एका प्रस्तावात

"सीमाभागातील मराठी समाज: एक अभ्यास." या शीर्षकाचे प्रस्ताव मी इतके वाचलेत की पहिलं पान न उघडता आत काय आहे ते सांगू शकतो. 1956ची राज्य पुनर्रचना, सीमावादावरचा महाजन आयोग, 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला दावा, मग 'संशोधनाची गरज'. अर्धा मजकूर शोधगंगेवरच्या, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या संकेतस्थळावरच्या कुणाच्या तरी प्रबंधातला. हा विषय आपल्या काळजाचा आहे, पण समितीला हवा असतो एक प्रश्न आणि त्याचं उत्तर कुठल्या कागदात, कुठल्या माणसांकडे मिळणार याचा पत्ता.

असाच प्रस्ताव घेऊन निपाणीचा एक मुलगा आला होता. त्याला घरचं विचारलं. आजी आयुष्यभर विड्या वळत होती. मी म्हटलं, "मग तू सीमाभाग कशाला शोधतोस बाबा, आजीच्या शेजारी जाऊन बस." त्याला राग आला असावा, महिनाभर फिरकला नाही. आला तो वही घेऊन. गल्लीतल्या अकरा घरांत बसून आला होता. पानं रात्री भिजत घालायची, सकाळी कापायची, हजार विड्यांवर मजुरी, छाट निघेल ती वजा. आणि एका घरातलं त्याने असं टिपलं होतं: कामगार म्हणून पासबुक सासूच्या नावावर, पण सुपात हात तिघींचे, सासूचे आणि दोन सुनांचे. 1966चा विडी-सिगार कामगार कायदा त्या पासबुकातल्या एका नावाला ओळखत होता. बाकीच्या दोघी कुठल्या कागदावर आहेत, हा त्याचा प्रश्न.

प्रस्ताव तीन पानांचा झाला. मुलाखतीला समितीने सीमाप्रश्नाबद्दल काहीच विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, त्या दोन सुनांची नावं तुम्ही वहीत लिहिलीत का. त्याने वही उघडून दाखवली.