घरच्या दोन गुंठ्यात छोटी नर्सरी कशी सुरू करायची

आधी पाणी बघा. आपल्याकडं एप्रिल-मे मधी बोअर आटतो अन् रोपं तर जूनला विकायची असतात, म्हणून उन्हाळाभर रोज दोन टाइम पाणी पुरलं तरच यात पडा.

सावलीला ५० टक्केवाली हिरवी शेडनेट बास, पण पश्चिमेच्या बाजूनं पण बांधा, दुपारनंतरची झळ तिकडूनच येते. पिशवीत नुसती काळी माती कधीच भरू नका, ओली असली की मुळं गुदमरतात अन् वाळली की दगड होते, एक घमेलं माती, एक वाळू, एक पूर्ण कुजलेलं शेणखत असं मिसळा. शेणखत कच्चं असलं तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आलीच समजा! पिशवीला खाली भोकं आहेत का ते पण बघून घ्या.

सुरुवात शेवगा, कढीपत्ता, जास्वंद, मोगरा यांच्यापासून करा, लवकर येतात. केसर आंब्याची कलमं नंतर. ज्या रोपावर कलम बांधायचं त्याच्यासाठी आंब्याच्या कोया ताज्याच लावा, महिनाभर ठेवल्या की उगवण पार घटते, अन् कलमाची काडी खात्रीच्या मातृवृक्षाचीच (ज्या मूळ झाडावरनं काडी काढतात त्याची) घ्या, कारण शेतकऱ्याला फसवणूक कळायला चार-पाच वर्षं जातात हो, तोवर त्याचं रान अडकलेलं असतं. छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्रात, सीताफळासाठी अंबाजोगाईच्या केंद्रात एकदा जाऊन याच. अन् फळझाडं विकायला १९६९ च्या कायद्यानुसार कृषी खात्याचा परवाना लागतो, तो आधी काढा.