सर्व्हरची नावं आधी ठरवा

सर्व्हर भाड्याने घेण्याआधी तासभर बसून नावं ठरवून टाका. नंतर बदलता येतात, पण तोवर लोकांनी लिंका साठवलेल्या असतात आणि ॲपमध्ये जुने पत्ते पक्के बसलेले असतात.

यंत्राचं नाव आणि बाहेर दिसणारं नाव वेगळं ठेवा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, एफटीपी (फाइलींची ने-आण), मेल ही कामाची नावं डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, टोपणनावं म्हणून द्यावीत, असं १९९७ चा आरएफसी २२१९ हा इंटरनेटविषयीचा तांत्रिक दस्तऐवज सुचवतो. यंत्र बदललं तरी टोपणनाव नव्याकडे वळवलं की झालं. यंत्रांना खुशाल गडांची नावं द्या, फक्त राजगडावर फोटो आहेत की डेटाबेस, याचा तक्ता सगळ्यांच्या हाताशी हवा. मूळ डोमेनला (आधी काहीही न जोडलेल्या नावाला) सीनेम, म्हणजे टोपणनावाची नोंद लावता येत नाही, त्यामुळे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू जुनाट वाटलं तरी ठेवा.

मग मजकूर वाटून घ्या. मराठी विकिपीडियाचं पान 'एमआर' या उपडोमेनवरून (मुख्य डोमेनच्या आधी जोडलेल्या नावावरून) येतं, त्यातली चित्रं मात्र अपलोड डॉट विकिमीडिया डॉट ऑर्गवरून. तुम्हालाही पानं, फोटो आणि एपीआय (ॲपना माहिती पुरवणारा भाग) यांना एकेक नाव पुरेल. इमेज १, इमेज २, इमेज ३ अशी रांग लावू नका. ब्राउझर एका नावाशी मोजकीच कनेक्शन उघडत, तेव्हाची ती युक्ती. २०१५ मध्ये एकाच कनेक्शनवरून अनेक फाइली एकदम आणणारी एचटीटीपी/२ ही पद्धत आल्यावर तिचं काम संपलं.

वाचकांनी चढवलेल्या फाइलींपाशी मात्र थांबा. त्यांना उपडोमेन नको, पूर्ण वेगळं डोमेन विकत घ्या. उपडोमेनवरचं पान मुख्य डोमेनच्या नावाने कुकी (ब्राउझरमध्ये साठणारी छोटी नोंद) ठेवू शकतं, म्हणजे कुणीतरी चढवलेली एचटीएमएल फाइल तुमच्या लॉगिनमध्ये ढवळाढवळ करू शकते. गिटहबने २०१३ मध्ये वापरकर्त्यांची पानं गिटहब डॉट कॉमवरून गिटहब डॉट आयओवर हलवली ती अशाच धोक्यांमुळे. वर्षाला दुसऱ्या डोमेनचे पैसे जातात, पण इथे काटकसर नको.

लिहिताना इंग्रजी अक्षरं, आकडे आणि जोडरेघ एवढंच वापरा, अंडरस्कोर नको. दोन टिंबांमधला तुकडा ६३ अक्षरांपुढे जात नाही. इतकं लांब नाव कोण ठेवतं म्हणा. वाइल्डकार्ड सर्टिफिकेट (सगळ्या उपडोमेनांसाठी मिळून घेतलेलं सुरक्षा-प्रमाणपत्र) उपडोमेनच्या एकाच पायरीपुरतं चालतं, म्हणून चाचणीच्या फोटो-सर्व्हरला 'इमेज डॉट टेस्ट' न म्हणता 'इमेज-टेस्ट' म्हणा. सर्टिफिकेटवरची नावं सार्वजनिक नोंदवह्यांत जातात आणि कुणीही ती शोधू शकतं, तेव्हा ग्राहकाचं गुपित नावात घालू नका.

नव्या सर्व्हरवर स्थलांतराच्या आदल्या दिवशी टीटीएल, म्हणजे डीएनएसचं उत्तर इतरांनी साठवून ठेवायची मुदत, पाच मिनिटांवर आणा. बाहेरच्या कंपनीकडची एखादी सेवा बंद केलीत, तर तिच्याकडे वळवलेली सीनेम नोंद त्याच दिवशी पुसा, नाहीतर तिथली सुटलेली जागा दुसरा कुणी घेईल आणि तुमच्या नावाखाली त्याचं पान झळकेल.